पक्का माणूस

प्रोबेशन म्हणजे काय, हे धम्मपालला अंधेरीच्या लिफ्ट कंपनीत लागला त्याच दिवशी कळलं. सहा महिने कंपनी तुम्हाला बघणार, आवडलात तर ठेवणार, नाहीतर कारण न देता घरी पाठवणार. तुम्हीही कंपनीला बघून घ्यायचं असतं म्हणे! घाटकोपरच्या खोलीत आई एकटी चार घरच्या पोळ्या लाटून संसार ओढत असली की असली बघाबघी परवडत नाही. त्याला पक्कं व्हायचं होतं, बस.

प्रोबेशनवरच्या माणसाने एकट्याने काम करायचं नाही, असा नियम होता. सोबत विकी असायचा, या धंद्यात मुरलेला मेकॅनिक, आणि जबाबदारीही त्याचीच. पण हा बाबा खाली बाइकवर बसून मोबाइल बघायचा आणि धम्मपालला वर पिटाळायचा. मुलुंडच्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्याच्या दाराचं लॉक झिजलं होतं, लिफ्ट मजल्यावर नसतानाही दार उघडायचं, त्यामुळे लिफ्ट सारखी बंद पडायची. नवं लॉक येईना, आणि प्रत्येक तक्रार मात्र धम्मपालच्या नावावर चढायची.

"वायर जोडून टाक ना यार," विकी म्हणाला. "तू पक्का झालास की काढू."

म्हणजे लिफ्टला फसवायचं. दार उघडं राहिलं तरी तिला ते बंदच वाटणार आणि ती धावत राहणार. धम्मपालला हे पटलं नाही, पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेतो? त्याने वायर जोडली. तेव्हापासून लिफ्ट एकदाही थांबली नाही. चौथ्या मजल्यावरच्या शांताबाईंनी खूश होऊन त्याला चहा पाजला. तो त्याने घाईघाईने संपवला आणि जिन्याने खाली उतरला.

एका दुपारी कंपनीच्या मॅनेजरने, चंद्रप्रकाश साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मुदत संपली नव्हती, म्हणजे काढलंच, असं वाटून तो दारातच उभा राहिला. साहेबांनी मात्र खुर्ची दिली, पेढा दिला. काम चांगलं आहे म्हणून लवकर पक्का करतोय, तेही मागच्या महिन्यापासून, आणि मुलुंडची इमारत तेव्हापासून एकट्या तुझ्याकडे, असं ते म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पोरगा इतका हरखला, की मागची तारीख कशाला, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही. सही ठोकून जिना उतरतानाच त्याने आईला फोन लावला. ती रडायलाच लागली.

खाली विकी उभा होता. धम्मपालने फोन कानाशी धरूनच त्याला सांगितलं, की आता आधी मुलुंडला जाऊन ती वायर काढतो.

"नको जाऊस," विकी त्याच्याकडे न बघता म्हणाला. "पोलीस आहेत तिथे. सकाळी शांताबाई दार उघडून आत गेल्या. लिफ्ट वर होती रे, त्या थेट खाली पडल्या. इमारत कोणाकडे आहे विचारत होते, साहेबांनी तुझं नाव दिलंय."

फोनवर आई डोळे पुसत विचारत होती, "आता तुला कोणी काढणार नाही ना रे?"