एक मुलगी जास्त

"मार्लिस, आपल्याकडे एक मुलगी जास्त झालीय," असं म्हणत मुख्याध्यापक ब्रेंट टोलेफसन यांनी डोनटचा खोका तिच्या टेबलावर ठेवला.

मार्लिस होडेकने चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता आणि एक तारखेला गणती होती. त्या दिवशी शाळेच्या पटावर जेवढी मुलं आणि जशी मुलं, तशीच ती वर्षभर राज्याच्या दफ्तरी राहतात. अशा आठवड्यात साहेब स्वतः डोनट घेऊन आले म्हणजे ते फुकट नसणार, एवढं तिला अठ्ठावीस वर्षांच्या कारकुनीने शिकवलं होतं.

"जास्त म्हणजे? बाकं कमी पडली का?"

"बाकं नाही हो. हे बघा ना." ब्रेंटनी कागद पुढे केला. "तिसरी ते पाचवी, कृष्णवर्णीय मुलं, वीस. एकोणीस असती तर मी तुमच्या कामात कशाला लुडबुड केली असती?"

तो नियम शाळेत मार्लिसइतका कुणालाच पाठ नव्हता. राज्य दर वसंतात परीक्षा घेतं आणि निकाल गटागटाने मांडतं. गोरी मुलं एकीकडे, कृष्णवर्णीय एकीकडे, घरी वेगळी भाषा बोलणारी एकीकडे, फुकट जेवण घेणारी एकीकडे. त्यातला एक गट जरी फार मागे राहिला तरी अख्खी शाळा मागे पडलेल्या शाळांच्या यादीत जाते. मात्र गटात वीसपेक्षा कमी मुलं असली तर त्या गटाचा निकाल छापतच नाहीत. त्या जागी एक चांदणी छापतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात तसलाच प्रकार.

मार्लिस नोकरीला लागली तेव्हा वेस्ट हार्लो शाळेच्या पटावर ओल्सन, नोव्हाक आणि श्मिट सोडून आडनाव सापडायचं नाही. मग शहरातली भाडी वाढली, महामार्गापलीकडे भाड्याच्या इमारती उठल्या, आणि लायबेरिया, लाओस, मेक्सिकोहून आलेल्या आया फॉर्म घेऊन तिच्या खिडकीशी उभ्या राहू लागल्या. जुनी गोरी घरं एकेक करून आणखी पुढच्या उपनगरात सरकली. जाताना शाळेला कुणी नावं ठेवली नाहीत, नुसती गेली. मार्लिस मात्र राहिली. नवी नावं तिने चारचारदा विचारून, तोंडातल्या तोंडात घोळवून पाठ केली. आपल्या हातून एकही मूल कधी चुकीचं लिहिलं गेलं नाही, हा तिचा एकुलता एक गर्व होता आणि तो तिला शोभत होता.

"यासा कॉली," ब्रेंट म्हणाले. "तिसरीतली. तिचे वडील गोरे आहेत ना?"

"होते. ती वर्षाची असताना नेब्रास्काला गेले ते गेलेच."

"गेले तरी गोरेच गेले ना!" ब्रेंट आपल्याच विनोदाला हसले. "आईने एकाच चौकटीत खूण केलीय. दोन्हींत केली तर मुलगी 'दोन किंवा अधिक वंश' या गटात जाईल. खोटं काहीच नाही. उलट आताच्यापेक्षा जास्त खरं. आईला बोलवा, नुसतं विचारा."

"आणि जोनीबाईंचं काय?"

जोनी पेल्की म्हणजे वाचनाच्या जादा तासाची शिक्षिका. शाळेचं नाव याच गटामुळे दोन वर्षं त्या यादीत होतं म्हणूनच राज्य तिचा पगार देत होतं. नाव यादीतून गेलं की नामुष्की जाणार आणि जोनीही जाणार. ते कागद मार्लिसनेच भरले होते.

"जोनीचं बघू आपण काहीतरी," ब्रेंट म्हणाले. "तिसऱ्या वर्षी यादीत आलो तर शाळा नव्याने उभारतात, मार्लिस. मी जाईन. कार्यालयातली माणसंही बदलतील." दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "ड्वेनचं कसं आहे आता?"

ड्वेन तिचा नवरा. दोन वर्षं त्याच्या नाकाला प्राणवायूची नळी होती आणि त्याच्या औषधपाण्याचा सगळा विमा मार्लिसच्या नोकरीवर होता. साहेबांनी काळजीने विचारलं की आठवण करून दिली, हे तिला कधीच कळलं नाही.

"आहे तसंच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गारमाय कॉली धापा टाकत आली. वृद्धाश्रमातला जांभळा गणवेश अजून अंगावर होता. तिथे ती म्हाताऱ्यांना अंघोळी घालायचं, भरवायचं काम करी.

"मिस मार्लिस, फोन बघून माझा जीवच गेला! म्हटलं पडली कुठे पोरगी."

"अगं नाही, तशी काही भानगड नाही. बस आधी. एक फॉर्म तेवढा बघायचाय." मार्लिसने कागद तिच्यासमोर फिरवला. "यासाचे वडील गोरे ना? मग इथेही खूण करता येते. करायलाच हवी असं नाही हं."

गारमाय खळखळून हसली. "चौथं वर्ष हिचं शाळेत, आणि आता आठवला का तिचा बाप! अहो, परवा दुकानात ही काही उचलेल म्हणून पहारेकरी तिच्यामागे फिरत होता. तो काय अर्ध्याच पोरीमागे फिरत होता?"

मार्लिसला हसू आलं नाही. गारमायने कागद जवळ ओढून दोन्ही चौकटी नीट पाहिल्या.

"खूण केली तर होतं काय?"

"ती दोन्ही वंशांची म्हणून लिहिली जाते."

"दोन्ही?" गारमायचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे मदतही दोन्हींकडून? जोनीबाईंचा तास दुप्पट मिळेल?"

मार्लिसने तोंड उघडलं.

"तुम्हाला सांगते, त्या बाईंनी जादू केलीय," गारमाय सांगतच सुटली. "परवा मी कसाव्याच्या पाल्याची भाजी शिजवत होते, तर ही तांदळाची गोणी पुढ्यात घेऊन बसली. आणि वाचायला लागली हो! 'धुऊन घ्या. पाणी घाला.' बोट ठेवून, एकेक शब्द. माझी आई अंगठा लावायची. मला येतं, पण जत्रेतल्या पोरासारखी चुकते मी मध्येच. हिचं तसं व्हायला नको. हिला एकदा सरळ वाचता आलं ना, मिस मार्लिस, मग मला काही नको."

तेवढ्यात फोन वाजला. कुणाच्या तरी मुलाचा डबा घरी राहिला होता, तो नंतरही घेता आला असता. मार्लिसने तो लगेच घेतला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ बोलली. तिने फोन ठेवला तोवर दुसरी खूण झालेली होती, चौकटीच्या रेघेला कुठेही न शिवता, सुबक. खाली सही होती.

"झालं ना बरोबर?" गारमायने विचारलं.

"बरोबर आहे," मार्लिस म्हणाली. ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. पुढे कित्येक दिवस तिला याचीच लाज वाटत राहिली.

पुढच्या ऑगस्टअखेर निकाल लागले. कृष्णवर्णीय मुलांच्या रकान्यात चांदणी होती आणि यादीत वेस्ट हार्लोचं नाव नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला. शिक्षकांच्या खोलीत केक कापला, जिल्हा कार्यालयातून अभिनंदनाचं पत्र आलं, ब्रेंटनी सगळ्यांचे हात हातात घेतले. मार्लिसनेही केकचा तुकडा खाल्ला. त्याच आठवड्यात जोनी पेल्कीला दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवल्याचा कागद आला, तो तिनेच फाईलला लावला. जोनीच्या खोलीत जुने संगणक रचून ठेवले गेले.

यासा आता चौथीत होती. सकाळी दहा-दहाला वाचनाचा तास सुरू झाला की पाच मिनिटांत ती परिचारिकेच्या खोलीकडे यायची. खोली रिकामी नसली की मार्लिसच्या समोरच्या खुर्चीवर बसायची.

"आज काय?" मार्लिस विचारी.

"पोट."

"कालच्यासारखं?"

"कालच्यापेक्षा मोठं."

ताप कधी नसायचा. टेबलावर कागदांचा ढीग असायचा आणि भिंतीवर सूचना, पण मुलगी त्यांच्याकडे बघायची नाही. खिडकीबाहेरच्या रिकाम्या बसकडे बघत राहायची. तास संपल्याची घंटा झाली की पोट आपोआप बरं व्हायचं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मार्लिसच्या वहीत पोटदुखीच्या अशा अकरा नोंदी झाल्या होत्या. ती वही घेऊन ती ब्रेंटकडे गेली.

"मुलगी खचतेय," ती म्हणाली. "जोनीचं काहीतरी बघू म्हणाला होतात."

"बघतोय हो मी. पण यादीत नाही तर पैसा कुठून आणू?" ब्रेंटनी हात पसरले. "हे आपल्या यशाचं दुखणं आहे, मार्लिस."

ऑक्टोबर संपता संपता गारमाय आली. तिच्या हातात वर्गशिक्षिकेचं पत्र होतं. यासाचं वाचन पहिलीच्या पातळीवर गेलं आहे, घरी सराव घ्यावा. या वेळी ती धापा टाकत आली नव्हती.

"मिस मार्लिस, दोन खुणा केल्या होत्या ना आपण? मग होता तो तासही का बंद झाला? मी सप्टेंबरपासून वाट बघतेय. म्हटलं, शाळा मोठी, वेळ लागत असेल."

टाळायला पुष्कळ जागा होत्या. जिल्हा कार्यालय होतं, राज्याचा नियम होता, ब्रेंट होते. मार्लिसने उठून दार लोटलं आणि सगळं सांगितलं. वीस आणि एकोणीस, चांदणी, यादी, जोनीचा पगार. तिने काही गाळलं नाही.

"तू दुप्पट मिळेल का म्हणालीस, तेव्हा मला 'नाही' असं सांगायचं होतं," शेवटी ती म्हणाली. "मी फोन घेतला."

गारमाय बराच वेळ पत्राची घडी घालत राहिली. एवढंसं पत्र, त्याच्या किती घड्या होणार?

"म्हणजे माझी पोरगी होती म्हणून त्या सगळ्या पोरांना बाई मिळत होत्या," ती हळू म्हणाली. "आणि मी माझ्या हाताने तिला काढली."

"तू नाही गं. मी—"

"सही माझी आहे." तिने हात पुढे केला. "फॉर्म द्या."

"आता उपयोग नाही, गारमाय. गणती होऊन गेली. आणि यंदा दोन घरं सोडून गेलीत, तिला धरूनही अठराच होतात."

"मी उपयोगाचं विचारलंय का?"

मार्लिसने फॉर्म काढून दिला. गारमायने दुसरी खूण खोडली, एकदा, दोनदा, रेघ कागदाच्या मागून उमटेपर्यंत. शेजारी सही केली आणि तारीख घातली. मार्लिसला एवढ्या वेळात एकच गोष्ट सुचली होती, ती तिने घाईघाईने बोलून टाकली.

"दुपारच्या सुट्टीत मी घेईन तिचं वाचन. रोज. माझा डबा मी नंतर खाईन."

गारमायने मान वर केली. डोळे कोरडे होते. "नको," ती म्हणाली. "बोलायचं होतं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत. तुम्ही माझ्या पोरीला काय वाचून दाखवणार? तुम्ही नको."

गारमाय गेल्यावर दार उघडंच राहिलं होतं, ते लावायला ती उठली आणि उठल्यावर कशासाठी उठली तेच विसरली. त्या संध्याकाळी ड्वेनला सूप भरवताना ती मध्येच रडली. त्याने विचारलं तर कांदा म्हणाली.

सोमवारी साडेअकराला, दुपारच्या सुट्टीत, गारमाय खिडकीशी आली. तिने आश्रमातली पाळी बदलून घेतली होती. चार वर्षं तिला मार्लिसने ओळखपत्र मागितलं नव्हतं, नुसती मान हलवून आत सोडत असे. आज गारमायने ते न मागताच पुढे सरकवलं आणि आडनावाचं स्पेलिंगही अक्षर अक्षर सांगितलं. जणू पहिल्यांदाच आली होती.

"भेटीचं कारण?" मार्लिसने विचारलं. ते भरल्याशिवाय संगणक पुढे जात नव्हता. "सांगा."

"वाचन."

मार्लिसने टाइप केलं. छातीवर लावायची चिठ्ठी छापून आली, ती गारमायने स्वतःच उचलली.

कार्यालयासमोरच्या बाकावर मायलेकी पुस्तक घेऊन बसल्या. दार उघडं होतं. यासा बोट ठेवून वाचत होती, अडली की आई सांगत होती, आई अडली की दोघी थांबत होत्या. पानाच्या मध्यावर 'शेजारी' हा शब्द आला. इंग्रजीत त्यातली दोन अक्षरं लिहायची असतात, बोलायची नसतात, आणि त्याच दोन अक्षरांशी त्या अडकल्या. यासाने एक उच्चार करून पाहिला, गारमायने दुसरा. मग दोघी हसल्या आणि पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाल्या. मार्लिसला तो शब्द येत होता. टेबलाच्या कडेला दोन्ही हात धरून ती आपल्या जागेवर बसून राहिली.