सुंदररावांचा हौद

बहिणीच्या आजारपणात महिनाभर वडवणीला राहून गीताबाई नेकनूरला परतल्या, तर मारुतीच्या देवळासमोरचा गुरांच्या पाण्याचा हौद जागेवर नव्हता. तिथं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे दोन खांब उभे होते. वर कमानीवर सोनेरी अक्षरांत त्यांच्या नवऱ्याचं नाव : ‘धर्मनिष्ठ कै. सुंदरराव प्रवेशद्वार’.

त्या तशाच घरी गेल्या. लेक रामेश्वर ओसरीत कार्यकर्त्यांबरोबर चहा पीत होता. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती.

“हौद कुणी पाडला?”

“आई, आधी बस तर. दादांच्या नावानं कमान केलीय. उद्या उद्घाटन हाय.”

“हौद कुणी पाडला?”

“मधी येत होता. जेसीबीनं काढला. देवळासमोर शेण, चिखल, लई घाण व्हायची.”

गीताबाई तडक आत गेल्या. धर्मनिष्ठ! सुंदरराव जन्मात त्या देवळाची पायरी चढले नव्हते. सकाळी उठून आधी हौद भरायचे. पुजारी टोमणे मारायचा, तर म्हणायचे, “देव थांबतो. म्हशी थांबत न्हाईत.”

आणि तो हौद काही असाच बांधला नव्हता. त्यांची थोरली, संगीता, चार वर्षांची असताना तापानं गेली. गीताबाईंनी भिंतीकडं तोंड केलं, अन्न सोडलं. बाया येऊन नशीब, नवस, काय काय सांगून गेल्या. एक दिवस सुंदररावांनी बायकोच्या हातात घमेलं दिलं. “ऊठ. वाळू कालवायची हाय.” दोघांनीच उन्हाळाभर खपून हौद बांधला. पहिल्यांदा पाणी भरलं त्या दिवशी गीताबाईंनी त्याच्या काठावर बसून अख्खी भाकरी खाल्ली. रामेश्वर त्यानंतरचा.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर कुणीतरी पुढारी सांगत होता, सुंदरराव पूजेशिवाय पाण्याचा थेंब घेत नसत. मग गीताबाईंच्या हातात फीत कापायला कात्री दिली. त्यांनी ती फेकून दिली.

“खोटं बोलतोय ह्यो! माझे मालक कवाच देवळात गेले न्हाईत. मुक्या जनावरांना पाणी पाजायचे. ते पाणी तोडलं, आन् वर त्यांचंच नाव लावलं?”

“आई, लोक बघायलेत,” रामेश्वर दबक्या आवाजात म्हणाला.

“बघू दे! तुझी बहीण मेली तवा त्या हौदापायी मी जगले. कवा इचारलंस का रं, हौद कुणी बांधला, कशाला बांधला?”

रामेश्वरचं तोंड उतरलं. कुणीतरी घाईनं बँडवाल्यांना खूण केली.

संध्याकाळी आश्रुबा गुराख्याच्या म्हशी सवयीनं कमानीपाशी येऊन थांबल्या. गीताबाईंनी घरातलं मोठं घंगाळ फरफटत आणलं आणि बरोबर दोन खांबांच्या मधे ठेवलं. मागं गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. रामेश्वर धावत आला. “काढ ते, आई.”

“हात लावून बघ.”

सून बबिता देवळाच्या नळाला पाइप जोडू लागली. नवऱ्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही.

रामेश्वर निवडून आला. देवळामागं नवा हौद बांधून देतो म्हणाला. गीताबाई म्हणाल्या, “जिथं होता तिथं.” नवा हौद काही झाला नाही. अजून मायलेकाचं बोलणं नाही. त्याची गाडी लांबच्या रस्त्यानं जाते. गीताबाई रोज घंगाळ भरतात, आणि भरताना वरच्या त्या सोनेरी अक्षरांना मोठ्यानं शिव्या घालतात.