खाचांची पट्टी

अण्णासोंनी कागदाची पट्टी तीनदा दुमडली आणि घडीच्या कोपऱ्यावर कात्रीने तिरका काप दिला. पट्टी उलगडली तशा कडेला सारख्या अंतरावर खाचा उमटल्या.

"ही बाटलीवर चिकटवायची. एक खाच, एक डोस. वाचता येत नसलं तरी बोटानं मोजता येतंय."

श्रुतीने खाचांवरून बोट फिरवलं. नात चौथीत होती. आजोबांनी काही शिकवलं की ते हाताने करून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

अण्णासो बेचाळीस वर्षं कंपाउंडर होते. गारगोटीच्या एसटीने आलेली माणसं पिशवीतून धुतलेली बाटली काढत. पोटाचं गुलाबी मिक्श्चर ओतलं की पेपरमिंटचा वास बाकड्यापर्यंत जाई, आणि निम्मी पोटदुखी तिथंच पळते, असं डॉक्टर हसत म्हणत. गोळ्याही ते पाकिटातून सोडवून एकेक पुडीत बांधत. तीच सवय घरी आली. बायकोच्या, तानूबाईंच्या, मधुमेहाच्या गोळ्या आणल्या की पुड्या बांधायच्या, पाकीट फेकून द्यायचं. किती दिल्या, किती उरल्या, ते डोक्यात. तानूबाई त्यांच्या शेवटच्या पेशंट होत्या.

काल दुपारी अण्णासोंनी पहिल्या घासाला गोळी दिली, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा दिली. तीनच्या सुमाराला तानूबाई घामाने भिजल्या, हात थरथरू लागले, समोरचा लेक ओळखेना. अण्णासोंनीच धावत साखरेचं पाणी पाजलं. डॉक्टरांनी अंधार पडेपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. घरी ताटाजवळ दोन रिकाम्या पुड्या सापडल्या.

आज सकाळी शिरोलीला फौंड्रीत कामाला निघताना त्यांचा लेक प्रसेनजीत उंबऱ्यात थांबला होता.

"आबा, आता ऱ्हाऊ द्या. संध्याकाळी गोळ्यांचा डबा स्वप्नालीकडं द्या."

"एकदाच चुकलं की रं."

प्रसेनजीत चपला घालून निघून गेला.

"आबा, एका गोळीनं आजी एवढी कशी घाबरी झाली?" श्रुतीने विचारलं.

"आपल्या पोटात जठराच्या मागं स्वादुपिंड असतंय. ही गोळी त्याला हाक मारती, ऊठ, रक्तातली साखर कामाला लाव. म्हणून ती जेवताना द्यायची. दोनदा हाक मारली की ते डबल काम करतंय. मग साखर संपत आली की डोकं उपाशी."

"आणि सकाळची पित्ताची गोळी?"

"तिचं काम आम्लाचे नळ बंद करायचं. जेवण आलं की नळ उघडत्यात, म्हणून ती अर्धा तास आधी."

श्रुतीने मान डोलावली. मग म्हणाली, "याआधी कधी दोनदा दिली न्हाईसा?"

"कधीच न्हाय."

"मग आजीच्या मशेरीच्या डबीत गोळ्या कशाला हायत?"

ती उठून डबी घेऊन आली. अण्णासोंनी चष्मा पुसला. काळ्या मशेरीत सात गोळ्या रुतल्या होत्या. गोळीवरची मधली रेघ त्यांनी बोटानेच ओळखली.

स्वयंपाकघराच्या दारात तानूबाई उभ्या होत्या. गोळी घेताना त्या नेहमी भिंतीकडे तोंड करून पाणी पीत. बाईमाणसाची सवय, असं अण्णासोंना वाटायचं.

"तानू, दुसऱ्यांदा दिलेली हितं टाकत हुतीस, मग काल का गिळलीस?"

"प्रसेनजीत म्होरं बसलेला. नको म्हटलं असतं तर तुमचं इसरणं उघडं पडलं असतं." त्यांनी पदराने हात पुसले. "वाटलं, एक गोळी काय करतीय."

अण्णासोंनी डबीचं झाकण लावायला घेतलं. लागेना; दोनदा दाबावं लागलं.

संध्याकाळी ताटं मांडली. प्रसेनजीतने विषय काढायच्या आत अण्णासोंनी गोळ्यांचा डबा सुनेपुढे, स्वप्नालीपुढे, सरकवला. झाकणावर खाचांची पट्टी चिकटवलेली होती.

"तूच ठेव, सूनबाई. मला ध्यानात ऱ्हात न्हाय. सात वेळा असंच दोनदा दिली, कालचं धरून आठ."

प्रसेनजीतचा हात घासावरच थांबला.

स्वप्नालीने पट्टीवरच्या एका खाचेवर पेनाने रेघ ओढली आणि पुडी काढली. पण तानूबाईंचा तळवा सुनेपुढे गेलाच नाही, अण्णासोंपुढेच उघडा राहिला. स्वप्नालीने सासूकडे बघितलं, आणि पुडी सासऱ्यांच्या हातात दिली.

अण्णासोंनी ती उलगडली. मग थांबले. बेचाळीस वर्षांत त्यांनी कुठल्याच पेशंटला हे विचारलं नव्हतं.

"तानू, मघाशी दिलीय का गं मी?"

"न्हाय वो. ही पहिलीच."

तानूबाईंनी गोळी जिभेवर ठेवली आणि सगळ्यांच्या देखत, अण्णासोंकडे बघत, त्या पाणी प्यायल्या.