चिमटीतली रेघ

मित्रांनो, मला पाहिलंत तर तुम्ही पाटीच म्हणाल, आणि त्याला माझी हरकत नाही. मी एक जुनी, काळी, पातळ पाटी आहे. माझ्यावर खडू उमटत नाही आणि पेन्सिलही उमटत नाही. माझ्यासोबत आलेल्या पेनाने माझ्यावर रेघ ओढली, की ती समोरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसते आणि मी कोरी ती कोरीच राहते. दुकानात मला ड्रॉइंग टॅबलेट म्हणतात. घरात 'ती पाटी' म्हणतात. दोन्ही नावांना मी ओ देते.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. नक्की कुठे ते सांगता येत नाही, कारण मला जाग आली तेव्हा मी खोक्यात बंद होते. माझ्या पोटात बारीक तारांचं जाळं आहे. पेन कुठे टेकला आणि किती दाबला गेला, एवढं त्याला कळतं. मी दाब मोजते. दाबणाऱ्याच्या मनात काय आहे, हे मोजायची सोय माझ्यात केलेली नाही.

उज्जैनला मला अमृताने आणलं. नानाखेड्याला एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती, तिचा नवरा पराग आणि सासूबाई अनसूयाबाई राहतात. पराग बँकेत आहे. अमृता घरी बसून लग्नपत्रिका, दुकानांचे फलक, साडीच्या पिशव्यांवरच्या वेलबुट्ट्या असं काय काय काढते, आणि ते सगळं देवास गेटजवळच्या एका प्रेसमध्ये छापायला जातं. माळव्यातल्या कितीतरी नवरदेवांचे घोडे माझ्या पाठीवरून दौडत गेले. गणपती तर विचारूच नका. प्रेसवाले फोनवर म्हणायचे, "मॅडम, लाइन में जान है!" अमृता मला हळूच थोपटायची. मला ते आवडायचं, हे कबूल करते.

पण नव्याचे नऊ दिवस असतात. एके दिवशी घरात एक नवी पाटी आली. तिला स्वतःचाच पडदा होता. काढाल तिथेच रेघ दिसायची. मला एका जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. मी रुसले नाही. पडून राहायचं ठरलं, की मग पडून राहावं. खालचे आवाज मात्र ऐकू येत असत.

त्या आवाजांतून मला अनसूयाबाई कळल्या. दर चैत्रात घरात गौर बसे. झोपाळ्यातल्या पितळी गौरीपुढे त्या रोज सकाळी चैत्रांगण काढत. तुमच्यापैकी काहींच्या घरी काढत असतील. सूर्य, चंद्र, शंख, तुळशीवृंदावन, गाय-वासरू, कासव, हत्ती, फणी, आरसा, करंडा, गोपद्मं, असा सगळा संसार रांगोळीने जमिनीवर मांडायचा. अनसूयाबाई तो साचा न वापरता काढत, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका कैरीची डाळ हातात घेऊन आधी रांगोळीच बघत उभ्या राहत.

एका हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. चालणं सुधारलं, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. चैत्र जवळ येऊ लागला तशा त्या गप्प गप्प झाल्या. परागने बाजारातून तयार चैत्रांगणाचा स्टिकर आणला. अनसूयाबाईंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "गाय आहे, वासरू नाही. बिचारी." स्टिकर परत गुंडाळला गेला.

"आई, खुर्चीवर बसून काढता येईल," अमृता म्हणाली. "माझी जुनी पाटी आहे ना. तुम्ही टेबलावर काढा, मी प्रेसमध्ये मोठं छापून आणते. गौरीपुढे अंथरू."

"रहने दे ग. फालतू मेहनत."

"एक बार देखो तो सही!"

अशी मी कपाटावरून खाली आले. अमृताने माझ्यावरची धूळ पुसली, वायर लावली आणि कॉम्प्युटरमध्ये माझी सेटिंगची खिडकी उघडली. पडद्यावरचं पान तिने गेरूच्या रंगाचं केलं आणि पेनाची रेघ पांढरी. अनसूयाबाईंनी ते पाहून मान डोलावली. सारवल्यासारखं दिसतंय, म्हणाल्या.

सुरुवातीला त्या माझ्याकडेच बघत राहिल्या. "रेघ कुठंय?" सगळे आधी असंच करतात. अमृताने त्यांची हनुवटी धरून पडद्याकडे वळवली. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे! पण थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "हे आरशात बघून कुंकू लावल्यासारखं आहे," आणि तिथून ती अडचण मिटली.

मग सूर्य काढला, तो अंड्यासारखा आला. चंद्रही तसाच. त्यात त्यांची चूक नव्हती. माझा आकार आणि पडद्याचा आकार एकमेकांशी जुळत नव्हता, त्यामुळे गोल ताणला जाई. अमृताने सेटिंगमध्ये दोघांचं प्रमाण जुळवून दिलं आणि सूर्य गोल झाला. मग मध्येच पडद्यावर कसली तरी यादी उघडायला लागली, कारण पेनाच्या अंगावरचं बटण त्यांच्या अंगठ्याखाली दाबलं जात होतं. अमृताने ते बटण बंद करून टाकलं. इथवर सगळं सुरळीत होतं.

खरी पंचाईत रेघेची झाली. गाईच्या शिंगाचं टोक अणकुचीदार हवं, तिथे गोळा येई. पाठीची कमान भरदार हवी, तिथे सुतासारखी रेघ. गोपद्म तर ओळखूच येईना. अमृताने दाबाचं सेटिंग हलकं केलं, मग जड केलं, मग हात थरथरत असेल म्हणून रेघ सरळ करणारी सोय वाढवली. त्याने रेघ सरळ आली, पण चुकीच्या जागी जाड आणि चुकीच्या जागी बारीक आली. पराग सोफ्यावरून सांगत होता, "पेन बदल के देख! वायर ढीली असेल!" घरोघरी एक उंटावरचा शहाणा असतोच.

असे दोन-तीन दिवस गेले. एका दुपारी अनसूयाबाईंनी पेन खाली ठेवला आणि आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"गुडघे गेले ते समजलं मला," त्या म्हणाल्या. "हात पण गेला, ते कळलंच नव्हतं ग. बरं झालं, कळलं."

"आई, असं नका बोलू."

"रांगोळीचे डबे देऊन टाक कुणाला तरी. गौर यंदा कोऱ्या जमिनीवर बसेल. तिला चालतं."

त्या खोलीत निघून गेल्या आणि अमृता माझ्यासमोर बसून रडली. चांगलं करायला गेले आणि एका म्हाताऱ्या बाईला तिचा हात गेल्याचं पटवून दिलं, असं तिला वाटत होतं. नेमकं कुठे चुकत होतं ते मी तिला सांगू शकले असते. मला तर प्रत्येक रेघेचा दाब ठाऊक होता. पण मला तोंड नाही, आणि सेटिंगच्या खिडकीत माझ्या तक्रारीसाठी रकाना नाही.

थोड्या वेळाने ती उठली. डबे देऊन टाकायला नव्हे. तिने त्यातलाच एक डबा उघडला, स्टीलचं मोठं ताट घेतलं आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. दोघी बाहेर आल्या तेव्हा अनसूयाबाईंच्या कपाळावर आठी होती.

"ताटात काय काढायचं? नैवेद्य आहे का तो?"

"फक्त एक शिंग काढून दाखवा. बस एक."

त्यांनी चिमूट घेतली. माझ्याशेजारीच ताट होतं, म्हणून तुम्हाला सांगते. शिंग आलं, बुडाशी भरदार आणि टोकाला सुईसारखं. हात कुठेही गेलेला नव्हता. मग अमृताने पुन्हा काढायला सांगितलं, आणि या वेळी ती रेघेकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती.

"आई, टोकाला तुम्ही बोटं आवळता?"

"मग! आवळल्याशिवाय बारीक कशी येईल? चिमूट दाबली की रांगोळी कमी पडते. सैल सोडली की रेघ भरते. एवढं तर पोरीसोरींनाही येतं."

"अरे बाप रे," अमृता म्हणाली आणि मटकन खुर्चीत बसली. "और मैं उल्टा समझ रही थी!"

मित्रांनो, घोटाळा एवढाच होता. पेनाची रीत अशी, की जोर दिला तर रेघ जाड होते आणि हात उचलता ठेवला तर बारीक. लेखणी, ब्रश, सगळे याच रीतीचे. रांगोळीची रीत नेमकी उलटी. अनसूयाबाई शिंगाच्या टोकाशी सवयीने चिमूट आवळत, त्यासरशी पेन माझ्यावर दाबला जाई, आणि मी इमानाने कळवी की जोर आला आहे, जाड करा. आयुष्यभर मुरलेला हात बरोबर चालला होता. मीही बरोबर चालले होते. दोन बरोबर माणसांचं भांडण असतं ना, ते असंच असतं.

किती दाबाला किती जाड रेघ, हे ठरवणारी एक वाकडी रेषा माझ्या सेटिंगमध्ये असते, ती अमृताने उघडली. डावीकडे खाली आणि उजवीकडे वर चढणारी होती. तिने तिची दोन्ही टोकं धरून उलटी केली. दाबलं की बारीक, सोडलं की जाड. मला असं कुणी कधी वागवलं नव्हतं. पण मला काय, जसं सांगाल तसं.

अनसूयाबाईंनी पेन चिमटीत धरला. शिंग आलं. मग दुसरं शिंग, पाठ, शेपूट, आणि गाईच्या पोटाशी वासरू. त्यांनी पेन खाली ठेवला नाही. डोळ्यांतलं पाणी डाव्या हाताने पुसलं आणि कासवाला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत सगळं अंगण भरलं.

"उठताना हे दोन बटण दाबायचे आई, म्हणजे सेव्ह होतं," अमृताने शिकवलं. "याद से, हं."

दुसऱ्या दिवशी गौर बसायची होती. सकाळी अमृता आंघोळ करून प्रेसमध्ये पाठवायला फाइल उघडते तो काय, पान कोरं! गेरूच्या रंगाचं, स्वच्छ, सारवलेलं. अनसूयाबाई शेजारी खुर्ची ओढून, केसांत फूल माळून, हातात पेन घेऊन तयार होत्या.

"आई! चित्र कुठे गेलं?"

"पुसलं ना. पहाटेच पुसलं."

"पुसलं?"

"आणि सेव्ह पण केलं, तू सांगितलं होतंस तसं."

अमृताने डोकं धरलं. "अहो, प्रेसवाला वाट बघत बसलाय!"

"अगं, कालची रांगोळी आहे ती. शिळी रांगोळी गौरीपुढे ठेवतात का? सरक थोडी, मला सूर्य काढू दे. उशीर होतोय."

पराग दारात उभा राहून एवढा हसला की शेवटी अमृतालाही हसू फुटलं. छापायचा बेत तिथेच बारगळला. तिने जुना मॉनिटर उचलला आणि गौरीच्या झोपाळ्यासमोर पाटावर आडवा ठेवला. आम्हाला तिथे जोडलं. अनसूयाबाई खुर्चीत, मी त्यांच्या मांडीवर, गौर समोर. महिनाभर रोज सकाळी कालचं पुसून आजचं काढायचं काम चाललं. हळदीकुंकवाला बायका आल्या, डाळ हातात धरून उभ्या राहिल्या आणि कुणीतरी म्हणालंच, "अनसूयाबाई, टीव्हीवर काढलंत की हो!" त्यांनी पन्हं पुढे केलं. त्या दिवशी त्या फार सुंदर दिसत होत्या.

अक्षय्य तृतीयेला गौर उठायची. शेवटचं चैत्रांगण सगळ्यात देखणं झालं होतं. संध्याकाळी पुसायची वेळ आली तशी अमृता जवळ येऊन उभी राहिली.

"आई, हे एक तरी ठेवू द्या मला. नाही पुसायचं. पुढच्या वर्षी..." तिने वाक्य अर्धंच सोडलं. म्हातारं माणूस समोर असलं की पुढच्या वर्षीची वाक्यं अर्धीच राहतात.

अनसूयाबाईंनी सगळं पुसलं. दोन बटणंही दाबली. मग त्या खुर्चीतून सावकाश उठल्या, अमृताला तिथे बसवलं, मला तिच्या मांडीवर ठेवलं आणि पेन तिच्या चिमटीत दिला.

"ठेवायचं असेल तर हातात ठेव," त्या म्हणाल्या. "काढ गोपद्म."

अमृताने रेघ ओढली. शिंगासारखी टोकदार हवी तिथे गोळा आला. सवयीने तिचा हात सेटिंग उघडायला गेला.

"त्याला हात नको लावूस. तू आवळ."

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना कपाटावर टाकण्याआधी धूळ पुसून एकदा पुन्हा जोडून बघा, एवढीच माझी विनंती आहे. आणि घरातल्या कुणाचा हात गेला असं वाटलं, तर तो कुठे दाबतो आणि कुठे सोडतो ते शेजारी बसून पाहा. वेळ लागतो. अमृताचं गोपद्म त्या संध्याकाळी काही जमलं नाही. अनसूयाबाई तिच्या खांद्यावर हात टेकून उभ्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांवर, आणि दर वेळी म्हणत होत्या, "पुस. पुन्हा काढ."