बिनआवाजाचा राउटर

माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या ताई, हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर अठरा वर्षं बसल्या. कुठला फोन कुठल्या वॉर्डाला जोडायचा हे त्यांच्या डोळ्यांआधी बोटांना कळायचं. आता तो बोर्डच निघणार होता. यापुढे फोनही कॉम्प्युटरच्या तारांवरूनच जाणार. सोमवारी प्रात्यक्षिक होतं. त्यात पास होईल त्याला नेटवर्कच्या खोलीत जागा, बाकीच्यांनी नावनोंदणीच्या खिडकीवर बसायचं.

"खिडकीवर बसले तर दिवसभर भांडून घसा बसेल गं," ताई म्हणाल्या. "मला तारांतच राहायचंय."

प्रात्यक्षिक असं, की दोन राउटर, दोन कॉम्प्युटर आणि पाऊण तास. एकाचा निरोप दुसऱ्याला कुठल्या वाटेनं जाईल हे ठरवणारी पेटी म्हणजे राउटर, एवढं मला ताईंमुळेच कळलं. हॉस्पिटलातल्या पेट्यांना कुणी हात लावू देईना, म्हणून घरीच सराव करायचं ठरलं आणि गुरुवारी दुपारी आम्ही जुन्या सामानाचं दुकान गाठलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पिशवी धरायला माणूस लागतंच.

मी चार अँटेनांचा एक पांढरा राउटर उचलला. "हा बघा ताई, कसा नवरदेवासारखा सजलाय!"

"वहिनी, तो घरातल्या मोबाइलपुरता," दुकानदार हसले. "दोन बटणं दाबली की काम संपलं, मग शिकणार काय?" मग ताईंकडे वळून म्हणाले, "तुमच्या हॉस्पिटलात आहेत त्याच घराण्यातले जुने घ्या. वेग कमी असेना का, टाइप करायच्या आज्ञा त्याच लागतात. आधीच्या मालकाचा पासवर्ड पुसलेला हवा. आणि ही निळी वायर विसरू नका, हिच्यावाचून पेटीशी बोलताच येत नाही."

त्यांनी चार काळ्या जड पेट्या मांडल्या आणि चालू केल्या. दुकानात गिरणी सुरू झाल्यासारखा घों घों आवाज घुमला. ताईंनी डोळे मिटले. एकेका पेटीला कान लावत त्या पुढे सरकल्या. बोर्डावर खरखरणारी लाइन म्हणजे खराब लाइन, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. एका मऊ आवाजाच्या पेटीवर त्यांनी हात ठेवला. दुसरी निवडली ती अगदीच शांत होती.

"अर्धा तास इथंच चालवून बघा," दुकानदार म्हणाले.

"अहो, अठरा वर्षांचा कान आहे हा!"

शुक्रवारी ताईंनी रजा टाकली आणि जेवणाचं टेबल अडवलं. पहिल्या खेपेला अर्धं काम झालं आणि शांत पेटी बंद पडली. पुन्हा चालू केली तर टाइप केलेलं सगळं गायब. मध्येच साठवून ठेवता येतं म्हणे, पण ताईंची रीत वेगळी. दोन्ही टोकं एकमेकांशी बोलल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही, हा बोर्डावरचा नियम त्यांनी इथंही पाळला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा बंद. मधल्या वेळात पेटी जरा विसावली की परत तेच. चार वेळा झालं, पाच वेळा झालं. रात्री थोरले भाऊजी ताट हातात घेऊन उभ्यानेच जेवले आणि "आमचंही कनेक्शन तुटलंय का?" म्हणून गेले. ताई हसल्या नाहीत.

शनिवारी दुपारी मी बघते तर डोळे भरलेले.

"माझीच आज्ञा कुठंतरी चुकतेय. दहा वेळा झालं. सोमवारी नाव काढून घेते. खिडकी तर खिडकी."

"आधी दोन घास खाऊन घ्या, मग काढा नाव," म्हणत मी पेटी बाजूला सारायला गेले आणि हात झटकन मागे घेतला. "अगं बाई! ताई, हा राउटर आहे की तवा?"

ताईंनी पेटीला हात लावला. मग कान लावला. मग कपाळावर हात मारला. आतला पंखा मेलेला होता! ती शांत होती ती त्यामुळेच. तापायची आणि जीव वाचवायला स्वतःच बंद पडायची. देव पावला, ताई रडता रडता खुदकन हसल्या.

दुकानदारांनी बिनतक्रार बदलून दिली. "तुम्ही नेमकी मुकी उचललीत," ते म्हणाले. "ही घ्या, ओरडेल, पण जिवंत आहे."

ती ओरडली म्हणजे ओरडलीच. भाऊजी आतून विचारू लागले, "विमान उतरलं का घरात?" पण ताई बसल्या आणि माझा चहा उकळून गाळून होतो तोच त्यांनी हाक मारली. पडद्यावर एका टोकाचा निरोप दुसऱ्याकडून परत येत होता. मी घड्याळात पाहिलं, अठरा मिनिटं! दहा वेळा पुसलं गेलेलं सगळं त्यांच्या बोटांत उतरून बसलं होतं. त्या स्वतःच चकित होऊन बोटांकडे बघत राहिल्या.

सोमवारी त्या प्रात्यक्षिक देऊन घरी आल्या. निकाल गुरुवारी होता.

गुरुवारी साडेअकराला घरचा फोन वाजला. मी हात पुसत उचलला.

"हॅलो, नेटवर्क विभागातून बोलतेय," पलीकडून मोठ्या अधिकारवाणीनं आवाज आला.

"ताई!" मी ओरडलेच. "झालं? मिळाली जागा?"

"खुर्ची जरा डुगडुगते, पण मिळाली."

"मग, काम काय होतं?"

"काम काही नाही गं. नव्या तारांवरून फोन लागतो का, एवढंच बघितलं," त्या म्हणाल्या, आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी फोन धरून नुसत्या हसत होतो.