डिकीवरच्या पंखाची कैफियत

मी पंख बोलतोय. पक्ष्याचा नव्हे, आणि विमानाचाही नव्हे, जरी माझ्या आयुष्यातला सगळा घोटाळा विमानापासूनच सुरू झाला. मी एका मोटारीच्या डिकीवर बसवलेला घरगुती पंख. सध्या गॅरेजच्या भिंतीला टेकून उभा आहे, माझा एक कोपरा तुटलाय, आणि मला जे सांगायचंय ते जरा तातडीचं आहे.

माझे जन्मदाते दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांचे दात कोरायचे आणि रविवारी जुनी गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची, हा त्यांचा शिरस्ता. तिथे कोणीतरी त्यांना सांगितलं, की वेगात गाडी जमिनीला चिकटून राहायला मागे पंख लागतो. दुसऱ्या कोणी तो विकत आणला असता. पण जो माणूस दाढेवर कॅप बसवू शकतो तो काहीही बनवू शकतो, असं डॉक्टरांचं प्रामाणिक मत आहे.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. आधी थर्माकोल कापला, त्यावर काचेचं कापड पसरलं आणि वरून वाळून टणक होणारं रेझिन ओतलं. ते रेझिन थर्माकोल खातं हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. अर्ध्या तासात माझं पोट खपाटीला गेलं आणि घरभर असा वास सुटला, की त्यांच्या पत्नी नाकाला पदर लावून बाहेर आल्या.

"अहो, आज जेवायचं कुठे?"

"दोन दिवस गच्चीवर जेवू. मोकळी हवा असते."

ते दोन दिवस पाच आठवडे चालले. दुसऱ्या खेपेला रेझिन बदललं आणि मी नीट आकाराला आलो. स्वयंपाकघरातला वजनकाटा माझ्यासाठी पळवला गेला, तो परत गेलाच नाही. डॉक्टरांनी मला घासलं ते थेट दवाखान्यातल्या हत्यारांनी. त्यांची मुलगी कॉलेजातून आली की शेजारी बसून पॉलिश पेपर फिरवायची. तिचा हात हलका. खरं सांगतो, मला त्या घरात तीच सगळ्यात जास्त आवडते.

एकदा तिने विचारलं, "बाबा, हा आकार कुठून घेतलास?"

"विमानांच्या पुस्तकातून. शंभर वर्षांचं शास्त्र आहे त्यात."

शास्त्र होतं, पण विमानाचं. विमानाचा पंख वरून फुगीर असतो, खालून जवळपास सपाट. हवा त्याला वर उचलते, म्हणून तर विमान उडतं. गाडीला नेमकं उलटं हवं असतं. फुगीर बाजू खाली ठेवायची, म्हणजे हवा गाडीला जमिनीवर दाबते. डॉक्टरांनी मला चित्रात होतं तसंच, फुगीर बाजू वर करून, चार बोल्टांनी डिकीवर आवळलं. वर माझी पुढची कडही थोडी उचलून दिली, ऐटदार दिसते म्हणून.

त्यांच्या गाडीचा मेकॅनिक म्हातारा होता, कमी बोलणारा. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून तो म्हणाला, "डॉक्टर, एक बोलू का? हा मला उलटा वाटतोय."

"मी तुम्हाला इंजिनातलं काही शिकवतो का?"

"नाही."

"मग?"

मेकॅनिकने हात पुसले आणि पाना उचलून तो इंजिनाकडे वळला. त्याचाही मला राग आहे. आणखी एकदा बोलला असता तर त्याचं काय बिघडलं असतं?

पहिल्या रविवारी डॉक्टर ट्रॅकवरून उतरले ते खुशीने लाल होऊन. "काय हलकी झालीय गाडी! मागून तरंगल्यासारखी वाटते." वाटणारच. मी तिला मागून उचलत होतो. त्यांची फेरीची वेळही दोन सेकंदांनी सुधारली होती. त्याच आठवड्यात चारही टायर नवे घातले होते, पण ते कोणाला आठवतंय? मित्रमंडळींनी माझे फोटो काढले आणि डॉक्टरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. दोघांनी तर असाच पंख करून द्या म्हणून गळ घातली.

मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली, की ट्रॅकवर बाबांच्या शेजारी बसायची परवानगी मिळणार होती. दोन वर्षं ती त्या दिवसाची वाट बघत होती. तो रविवार आला. ती नवं हेल्मेट मांडीवर घेऊन कठड्याशी बसली. "आधी एक फेरी मी एकटा मारतो, टायर गरम होऊ देत," असं म्हणून डॉक्टर निघाले.

लांब सरळ रस्ता संपतो तिथे एक वेगवान वळण आहे. आम्ही तिथे पोचलो तेव्हा मागची चाकं जमिनीला जेमतेम टेकत होती. गाडीचा मागचा भाग बाहेर सरकायला लागला. मला भयंकर भीती वाटली. मी जीव खाऊन डिकीचा पत्रा ओढला, पत्रा फाटला, चारही बोल्ट उपटून आले आणि मी उडालो. कुंपणावरून, झाडावरून, अगदी झोकात उडालो. वर उचलणारा मी सुटताच चाकांनी रस्ता पकडला आणि डॉक्टर सुखरूप थांबले.

पंख उडाला, गाडी वाचली. यातून काय समजायचं ते शाळेतल्या पोरालाही समजलं असतं. डॉक्टरांनी मला शेतातून उचलून आणलं, बोल्टांची भोकं निरखली आणि म्हणाले, "पकड कमी पडली."

गेले तीन आठवडे इथे माझा धाकटा भाऊ तयार होतोय. आकार तोच, फुगीर बाजू वर. फक्त लांबीला हातभर जास्त आणि आतून लोखंडी पट्टी. मेकॅनिकने न बोलता डिकीखाली जाड पत्रा जोडून दिला. मुलगी रोज संध्याकाळी येऊन पॉलिश पेपर फिरवते आणि बाबांना विचारते, आता नक्की ना?

येत्या रविवारी ती शेजारी बसणार आहे. तुमच्यापैकी कोणी त्या ट्रॅकवर जाणार असेल, तर कृपा करून डॉक्टरांना अडवा, भांडा, गाडीची किल्ली लपवा, काहीही करा. माझं ऐकणारं या घरात कोणी नाही. मी सुटलो, कारण चारच बोल्ट होते. त्याला आठ आहेत.