मागे काही आहे हे कळणारसुद्धा नाही

ट्रेलर विकणाऱ्या स्किपने ते वाक्य पहिल्या पाच मिनिटांत तीनदा म्हटलं.

"कोच, तुमचा ट्रक हे आरामात ओढेल. अहो, मागे काही आहे हे कळणारसुद्धा नाही!"

लॉर्ना ह्रुस्काने तेव्हाच त्या चाकांवरच्या घराकडे नीट पाहिलं. तेरा-चौदा हजार पौंडांचं घर पाठीला लावून निघायचं आणि ते कळायचंही नाही, हे तिला चांगलं लक्षण वाटेना. पण स्किपचे दात फार पांढरे होते आणि तिचा नवरा ड्वाइट आतल्या सोफ्यावर बसून विजेवर चालणारी शेकोटी चालूबंद करत होता. अशा वेळी बायकांना कोण विचारतं?

लॉर्नाची एकतीस वर्षं नेब्रास्कातल्या धान्याच्या कोठारावर, वजनकाट्याच्या खिडकीत गेली होती. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. तेवढ्या काळात तिने ओला मका पाहिला, धान्याखाली दडवलेली माती पाहिली, आणि रिकाम्या वजनाच्या वेळी धिप्पाड मेव्हण्याला हळूच खाली उतरवणारे सज्जन लोकही पाहिले. माणूस खोटं बोलतो, मेव्हणाही बोलतो, काटा बोलत नाही, एवढं एक तत्त्वज्ञान तिच्यापाशी होतं आणि ते तिला पुरत होतं.

म्हणून ती बाहेर गेली आणि आपल्या ट्रकचा दरवाजा उघडला. कडेला पिवळं लेबल होतं: माणसं आणि सामान मिळून दोन हजार एकशे चाळीस पौंडांच्या वर कधीही जाऊ नये.

"हे ओढायचं झालं," तिने स्किपला विचारलं. "पाठीवर घ्यायचं काय? या ट्रेलरचं नाक मागे नुसतं अडकत नाही, ट्रकच्या पाठीवरच बसतं. नाकाचं वजन किती?"

"मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"नाही. मी वजन करते."

स्किप मनापासून हसला. मग त्याने ड्वाइटकडे बघून डोळा मारला, आणि सही झाली.

ड्वाइटचंही वजनाशी नातं होतं, फक्त ते वेगळ्या घराण्यातलं होतं. अठ्ठावीस वर्षं तो शाळेत कुस्तीचा कोच होता. एकशे चाळीस पौंडांचा पोरगा एकशे बत्तीसच्या गटात बसवायचा हे त्याचं शास्त्र. पोरं रबरी कपडे घालून बॉयलरच्या खोलीत पळायची, दिवसभर कागदी पेल्यात थुंकायची, काट्यावर मिनिटभर श्वास धरून उभी राहायची आणि अर्ध्या तासाने पॅनकेकवर तुटून पडायची. ड्वाइटच्या लेखी वजन म्हणजे ते एक मिनिट. त्याच्या आधीचं आणि नंतरचं वजन हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न होता.

ट्रेलर जोडल्यावर ट्रकचं बूड जमिनीकडे बसलं आणि दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडू लागले. ड्वाइटने मागच्या स्प्रिंगांखाली हवेच्या पिशव्या बसवून घेतल्या. बूड वर आलं.

"बघ, सरळ झाला!" तो म्हणाला.

"सरळ दिसतो," लॉर्ना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पिवळ्या लेबलावर शाळेच्या कुस्ती संघाचं स्टिकर चिकटलेलं होतं. निळा गवा, नाकातून वाफ सोडणारा.

ऑक्टोबरात ते ॲरिझोनाला निघाले. सोबत मागच्या कारमध्ये शेजारचा ऑर्व्ह टॉलेफसन होता. ऑर्व्ह चाळीस वर्षं अठरा चाकी ट्रक हाकून निवृत्त झालेला, सूर्यफुलाच्या बिया चघळणारा आणि विचारल्याशिवाय मत न देणारा माणूस. ड्वाइटने त्याला कधीच काही विचारलं नव्हतं.

कोलोरॅडोत, टॉलिव्हरच्या घाटाच्या अलीकडे, ट्रकवाल्यांच्या थांब्यावर मोठा काटा होता. लॉर्ना म्हणाली, "वजन करू." ड्वाइट म्हणाला, "कशाला?" लॉर्ना म्हणाली, "माझी हौस."

चिठ्ठी आली. तिने पाठीमागे पेन्सिलीने वजाबाकी केली आणि कागद त्याच्यापुढे धरला. ट्रकच्या पाठीवर लेबलापेक्षा पंधराशे पंचाहत्तर पौंड जास्त होते.

ड्वाइट घाबरेल असं तिला वाटलं होतं. पण त्याच्या चेहऱ्यावर एकदम तकाकी आली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्याच्यापुढे वजन उतरवायचं काम आलं होतं.

"दोन तास दे मला," त्याने बाह्या सरसावल्या.

त्याने ट्रकचं मागचं फळकं काढलं. हत्यारांची पेटी, जादा टायर, डब्यांची खोकी, नाकाकडच्या कपाटातलं सगळं उचलून ट्रेलरच्या पार शेपटाकडे नेलं. नाकाजवळची पाण्याची टाकी मोकळी केली. पाणी डांबरावरून वाहत ऑर्व्हच्या बुटांपर्यंत आलं.

"कोच, शेपूट जड केलं की ट्रेलर उतारावर कुत्र्यासारखा शेपूट हलवतो," ऑर्व्ह म्हणाला. न विचारता मत दिल्याची त्याच्या आयुष्यातली ही बहुधा दुसरी वेळ.

"बघू," ड्वाइट म्हणाला.

दुसरी चिठ्ठी: पाचशे पंचेचाळीस जास्त.

"ड्वाइट, मी या ट्रकमध्ये बसून घाट उतरणार नाही," लॉर्ना शांतपणे म्हणाली. लग्नाच्या चाळीस वर्षांतली ही तिची सर्वांत मोठी धमकी होती. आता तरी तो थांबेल, ट्रेलर इथेच सोडेल, मोठा ट्रक बघू म्हणेल.

ड्वाइटने तिच्याकडे आपादमस्तक पाहिलं. ती नजर तिने शाळेच्या व्यायामशाळेत पाहिली होती.

"एकशे साठ," तो म्हणाला.

"काय?"

"तू उतरलीस की एकशे साठ गेले. ग्रेव्हीला पण घेऊन जा, त्याचे सत्तर. राहिले तीनशे पंधरा. राणी, तीनशे म्हणजे काहीच नाही गं. नाश्ता आहे तो!"

ग्रेव्ही हा त्यांचा कुत्रा. त्याने शेपूट हलवलं.

लॉर्ना कुत्र्याला घेऊन ऑर्व्हच्या कारमध्ये बसली. मांडीवर खसखस भरलेल्या गोड पावांचा, कोलाच्यांचा डबा होता, हातात वॉकीटॉकी. ट्रेलर मागे घेताना नवराबायकोने भांडायचं, ते याच यंत्रावरून. ड्वाइट पंपाआड डिझेल भरायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा शीळ घालत होता.

घाटमाथ्यावर पिवळी पाटी होती: सात टक्के उतार, पुढचे अकरा मैल. आकाश स्वच्छ निळं, ॲस्पनची झाडं सोन्यासारखी पिवळी. एवढ्या सुंदर दिवशी काही वाईट होईल असं कोणाला वाटलं नसतं, आणि लॉर्नाला तेच खटकत होतं.

पहिल्या मैलाला ट्रेलरचे ब्रेकचे लाल दिवे लागले. ते विझतील म्हणून ती वाट बघत बसली.

"पाय उचल रे, कोच," ऑर्व्ह काचेकडे बघून पुटपुटला. "इंजिनाला धरू दे. थोडा उचल, थोडा दाब."

दुसऱ्या मैलालाही दिवे लालच. तिसऱ्या मैलाला ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलं, उजवीकडे आलं, परत डावीकडे. चौथ्या मैलाला उजव्या हाताला खडीची वाट डोंगरात वर चढत गेली होती. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी खडीत रुतून थांबावं, म्हणून केलेली. ड्वाइट तिच्यासमोरून सरळ निघून गेला.

मग वास आला. जळक्या ब्रेकचा, तव्यावर काहीतरी विसरल्यासारखा. ऑर्व्हच्या तोंडातल्या बिया थांबल्या. ट्रेलरच्या चाकांतून धुराची बारीक निळी दोरी निघाली होती.

वॉकीटॉकी खरखरली.

"लॉर्ना."

"बोल."

मग ड्वाइट इतक्या हळू बोलला, जणू कोणीतरी ऐकेल.

"ते मागे आहे."

"काय?"

"मला कळतंय. मागे आहे ते. ढकलतंय मला."

"त्याला सांग, आठव्या मैलाला दुसरी खडी आहे," ऑर्व्ह म्हणाला. "त्यानंतर नाही. त्यानंतर गाव आहे."

"ड्वाइट, पुढच्या खडीत घाल."

"ट्रकची वाट लागेल, लॉर्ना! ट्रेलर नवा आहे. उतार संपतच आलाय, काढतो मी—"

"वजन किती?"

तो आवाज तिने काट्यावरची नोकरी सोडल्यापासून तीन वर्षांत वापरला नव्हता. खिडकीतला आवाज. भलेभले शेतकरी त्या आवाजापुढे टोपी काढत.

"आत्ता काय विचारतेस—"

"वजन सांग."

"तीनशे. जास्त."

"ड्वाइट."

खरखर. शेपूट पुन्हा डावीकडे गेलं आणि या वेळी परत यायला त्याने फार वेळ घेतला.

"पाणी भरलं परत," तो म्हणाला. "पंपाआड. टाकी पूर्ण. आणि पेटी. पेटी परत घेतली पुढे."

म्हणजे वजन झालं होतं आणि पॅनकेकही खाऊन झाले होते.

"बेरीज कर," लॉर्ना म्हणाली.

सातवा मैल गेला. समोर, वळणापलीकडे, खडीची करडी पट्टी दिसायला लागली.

"मोठ्याने कर."

"तीनशे पंधरा. पाण्याचे चारशे पंधरा. पेटी एकशे नव्वद." त्याचा श्वास ऐकू येत होता. "नऊशे वीस."

"बरोबर. आता घाल."

ट्रक उजवीकडे वळला. वळला असं म्हणायचं. प्रत्यक्षात मागचं घर त्याला जिकडे नेत होतं त्यातून त्याने नाक तेवढं काढलं. वॉकीटॉकीचं बटण दाबलेलंच राहिलं होतं. त्यातून हजार पोती मका एकदम ओतल्यासारखा आवाज आला, मग काच, मग काही नाही. बाहेर नुसती धूळ उठली होती.

ऑर्व्हने कार थांबवली तशी लॉर्ना खडीतून धावली. धावणं जमेना, दर पावलाला पाय पोटरीपर्यंत रुतत होता. ट्रेलर तिरका उभा होता. त्याचं नाक आपल्या जागेवरून सुटून ट्रकच्या टपावर आलं होतं, पुढे कोण बसलंय ते वाकून पाहावं तसं. टप आत दबला होता. ड्वाइटच्या डोक्यापासून हातभर अंतरावर.

दरवाजा तिच्या हातातच आला. त्याच्या कडेचा निळा गवा अर्धा फाटून लोंबत होता, खाली पिवळं लेबल होतं. ड्वाइट सरळ बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, केसांत काचेचा चुरा.

"चाकं पेटलीत मागची!" ऑर्व्ह खालून ओरडला. "बाहेर काढ त्याला!"

"ड्वाइट, उतर. पाय काढ ब्रेकवरून."

"काढला तर ते येईल," ड्वाइट म्हणाला.

"थांबलंय ते."

"नाही. तुला नाही कळत. ते मागे आहे."

मागे काहीतरी फुटल्यासारखं वाजलं आणि धूर काळा झाला. लॉर्ना गुडघ्यांवर बसली, आत वाकली आणि दोन्ही हातांनी त्याचा पाय धरला. एकदा ओढून तो हलला नाही. तिने दात आवळले, पुन्हा धरला आणि ब्रेकवरून उचलला.